कंड्या पिकण्याचा हंगाम

२०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात महाराष्ट्र विधानसभेची जी सार्वत्रिक निवडणूक झाली, तीत बुलढाणा मतदारसंघाचा निकाल अवघ्या ८४१ मतांच्या अंतराने लागला. दोघा प्रमुख उमेदवारांच्या पदरी मिळून पावणेदोन लाखांहून अधिक मते पडली असता हे अंतर! त्याच निवडणुकीत बेलापूरचा निकाल ३७७ मतांनी आणि मालेगाव मध्य मतदारसंघाचा तर १६२ मतांनी लागला. ह्या निकालांच्या मुळाशी काही गैर घडले असा याचा अर्थ मुळीच नव्हे. तसे कोणी समजू नये. परंतु अंकगणित मोठे बोलके असते. बुलढाण्यास ४२१ माणसांनी आदल्या रात्री आपले मन एकीकडून दुसरीकडे फिरविले असते, तर निकाल उलटा झाला असता. चारशे एकवीस माणसे म्हणजे किती? चिखलीच्या किंवा मेहकरच्या आठवडे बाजारात एका दुपारी एकच गोष्ट जितक्या कानांवर सहज घालता येईल, तितकीच.

कानांवर गोष्टी घालण्याच्या ह्या उद्योगास मराठीत फार जुना व नेमका शब्दप्रयोग आहे, तो म्हणजे कंड्या पिकविणे. शेतकऱ्याच्या भाषेशी नाते सांगणारा हा प्रयोग मोठा मार्मिक म्हणावा लागेल. पिकाला बी लागते, ओल लागते आणि हंगाम लागतो. निवडणुकीच्या दिवसांत तिन्ही गोष्टी सिद्ध असतात. लोकांची उत्सुकता शिगेस पोहोचलेली असते. खरी माहिती मिळण्याची साधने अपुरी अथवा संशयित असतात. आणि जे काही ऐकावयाचे, त्यावर दोन दिवसांत निर्णय करावयाचा असतो. गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन ह्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवांच्या मानसशास्त्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा की, अफवेचे बळ हे विषयाचे महत्त्व आणि त्याविषयीची संदिग्धता ह्यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. बेरजेवर नव्हे, गुणाकारावर. म्हणजे दोहोंपैकी एक जरी शून्य झाले, तरी अफवा मरते. मतदानाच्या आदल्या रात्री ह्यांतले एकही शून्य नसते.

त्या रात्रीला महाराष्ट्रात ‘कत्तलीची रात्र’ म्हणतात. नाव भयंकर आहे, आणि आश्चर्य असे की ते उच्चारताना कोणास काही वाटत नाही. मतदान संपण्याच्या वेळेपूर्वी अठ्ठेचाळीस तास जाहीर प्रचार थांबला पाहिजे, असा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६ व्या कलमाचा दंडक आहे. हेतू असा की, मतदाराने कोलाहलातून बाहेर पडून स्वस्थ चित्ताने विचार करावा. हेतू उत्तमच होय. परंतु जाहीर प्रचार थांबला की जाहीर उत्तर देण्याची सोयही थांबते, ही ह्या व्यवस्थेची दुसरी बाजू आहे. सभेत केलेल्या आरोपाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सभेत उत्तर देता येते. शांततेच्या त्या अठ्ठेचाळीस तासांत ओसरीवर, पारावर, पानाच्या ठेल्यावर जे कुजबुजले जाते, त्याला उत्तर देण्यास व्यासपीठ राहत नाही, ध्वनिक्षेपक राहत नाही आणि वेळही राहत नाही. अफवा पिकविणाऱ्यास ही गोष्ट चांगली अवगत असते. म्हणूनच तो आपले सर्वांत मोलाचे बी त्या वेळेकरिता राखून ठेवतो.

हे बी कोणकोणत्या जातीचे असते, ते पाहण्यासारखे आहे. सर्वांत जुनी व सर्वांत स्वस्त जात म्हणजे ‘बसला’. अमुक उमेदवार बसला, म्हणजे त्याने आतून समझोता केला, तो आता नावापुरता उभा आहे, त्याला मत देणे म्हणजे मत पाण्यात घालणे. ही अफवा बहुधा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराविषयी पसरविली जाते. त्यात त्याच्यावर चोरीचा आळ नसतो, व्यभिचाराचा नसतो. किंबहुना ऐकणाऱ्यास ती निंदा वाटतच नाही, केवळ बातमी वाटते. पण त्या बिचाऱ्याची दोन महिन्यांची पायपीट एका शब्दाने मातीमोल होते. मग ‘पैसे पोहोचले’, ‘समाजाची बैठक झाली, ठरले’, ‘अमक्याने देवापुढे भंडारा उचलला’ इत्यादी जाती आहेत. ‘कोणी कोणाला मत दिले ते यंत्रातून कळते’ ही आणखी एक. शिकलेल्या घरांत हिला हसतात. परंतु ज्याची मजुरी, ज्याचे शिधापत्रिकेवरील धान्य, ज्याच्या घरकुलाचा हप्ता दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे असे ज्याला वाटते, तो हसत नाही. तो घाबरतो, आणि मतदानाची गुप्तता ही जी राज्याने त्याला दिलेली एकमेव ढाल, ती त्याच्या हातून नुसत्या एका वाक्याने काढून घेतली जाते.

कायद्याने ह्या प्रकाराकडे डोळेझाक केली आहे, असे मात्र नाही. इंग्रजी अमदानीत, १९२० साली, निवडणुकीसंबंधीच्या गुन्ह्यांचे एक स्वतंत्र प्रकरण भारतीय दंडसंहितेत घालण्यात आले. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी खोटे विधान करणे हा त्यानुसार गुन्हा ठरला. शिक्षा मात्र केवळ दंडाची. २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम १७५ व्या क्रमांकाने आले आहे, आणि शिक्षा अद्यापि दंडाचीच आहे. खरी धार आहे ती लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमास. त्याखाली भ्रष्ट आचार सिद्ध झाल्यास निवडून आलेल्याची निवडणूकच रद्द होते. पण सिद्ध काय काय करावयाचे? विधान हे वस्तुस्थितीविषयीचे असले पाहिजे, नुसते मत नव्हे. ते खोटे असले पाहिजे. बोलणाऱ्याचा स्वतःचाही त्याच्या खरेपणावर विश्वास नसला पाहिजे. ते उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी वा वर्तनाविषयी, अथवा त्याच्या उमेदवारीविषयी वा माघारीविषयी असले पाहिजे. त्याने त्या उमेदवाराच्या यशास बाध येण्याचा संभव असला पाहिजे. आणि ते स्वतः उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने कोणी केलेले असले पाहिजे. ‘माघारीविषयी’ हा शब्द कायदा करणाऱ्यांनी घातला, ह्यावरून ‘बसला’ ही अफवा त्यांच्याही चांगल्या परिचयाची होती असे दिसते.

वस्तुस्थिती आणि मत ह्यांतील भेद वाटतो तितका सोपा नाही. राजस्थानातील ब्यावर येथे १९६२ च्या निवडणुकीत एका सभेत एक कविता म्हणण्यात आली. तीत प्रतिस्पर्ध्यास सर्व चोरांतला मोठा चोर म्हटले होते. कवितेत अतिशयोक्ती चालते, तो काव्यालंकार समजावा, असा बचाव पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. एखाद्यास चोर म्हणणे हे त्याच्या चारित्र्याविषयीचे विधानच होय, मग ते गद्यात असो की पद्यात; आणि त्या सभेचे अध्यक्षस्थान खुद्द उमेदवाराने भूषविले असल्यामुळे त्यास हात झटकता येणार नाहीत, असा निर्णय झाला. निवडणूक रद्द ठरली.

महाराष्ट्रातील ह्या विषयावरचा सर्वांत गाजलेला खटला म्हणजे १९९१ च्या लोकसभा निवडणुकीतील अहमदनगरचा. (त्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे.) यशवंतराव गडाख व बाळासाहेब विखे पाटील हे दोघेही एकाच जिल्ह्यातील सहकाराच्या चळवळीत वाढलेले, दोघेही साखर कारखानदारीतील मातब्बर, आणि दोघांचेही मूळ काँग्रेसच्याच मुशीतले. निवडणुकीत काँग्रेसतर्फे गडाख उभे होते व ते निवडून आले. विखे पाटलांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे निवडणूक अर्ज दाखल केला. तक्रारीचा गाभा असा की, प्रचाराच्या भाषणांतून विखे पाटील पाठिंब्याकरिता पक्षांना पैसे देतात, मतदारांना वस्तू व पैसा वाटून मते विकत घेण्याचा त्यांचा बेत आहे, अशी खोटी विधाने करण्यात आली. उच्च न्यायालयाने १९९३ साली ही तक्रार मान्य करून गडाखांची निवड रद्द केली. त्याचबरोबर प्रचारसभांत बोललेले शरद पवार ह्यांच्यावरही भ्रष्ट आचाराचा ठपका ठेवला. पवार तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते. साऱ्या महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली असेल, ह्याची कल्पना करावी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल दिला. पवारांवरील ठपका दूर झाला; गडाखांची निवड रद्द झाली ती मात्र कायम राहिली. निकालपत्रात न्यायालयाने प्रचाराच्या ढासळत्या पातळीविषयी खेद व्यक्त केला, आणि पक्षांच्या वरिष्ठ नेतृत्वाने आपल्या भाषणांनी पायंडा घालून द्यावयाचा असतो, असे बजावले.

ह्या खटल्याची एक बाजू विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. तो उभा राहू शकला, कारण विधाने जाहीर सभांतून झाली होती. सभेस वार्ताहर होते, वृत्तपत्रांत वृत्तांत आले होते, साक्षीदार होते, बोलणाऱ्यास चेहरा होता. आणि तरीही मतदानापासून अखेरच्या निकालापर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ लोटला. आता हीच विधाने एखाद्याने रात्री दहा वाजता शेजाऱ्याच्या कानात सांगितली असती तर? कुजबुजीला लेखक नसतो. पत्रकालाही लेखक नसावा, अशी पूर्वी पुष्कळांची सोय होती. सकाळी दार उघडावे तो उंबरठ्यावर निनावी कागद पडलेला. ह्याकरिता कायद्यात १२७-अ हे कलम पुढे घालण्यात आले. त्यानुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक व प्रकाशक ह्यांची नावे व पत्ते असलेच पाहिजेत, आणि छापखान्याने प्रकाशकाकडून दोघा ओळखीच्या इसमांच्या सहीनिशी प्रतिज्ञापत्र घेतले पाहिजे. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नियम चांगला आहे. केवळ, पत्रके छापण्याची गरजच आता फारशी उरलेली नाही.

अफवेचा हा रोग एकट्या आपल्या देशाचा किंवा एकट्या आपल्या काळाचा नव्हे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीच्या भिंतींवर निवडणुकीचे लेख सापडले आहेत. त्यांत व्हातिया नावाच्या उमेदवारास शहरातील भुरटे चोर पाठिंबा देतात, रात्री उशिरापर्यंत पिणारे सारे पाठिंबा देतात, असे लेख आढळतात. लिहिणारे त्याचे मित्र नसावेत, हे उघड आहे. निंदेचा एकही शब्द न उच्चारता नुसत्या पाठिंब्याच्या नावाने माणसास बदनाम करण्याची ही युक्ती दोन हजार वर्षे जुनी असून आजही ताजी आहे. इंग्लंडात १९२४ च्या ऑक्टोबरात मतदानास चार दिवस उरले असता ‘डेली मेल’ पत्राने झिनोव्हिएव्ह ह्या रशियन पुढाऱ्याच्या नावचे एक पत्र प्रसिद्ध केले. ब्रिटिश कम्युनिस्टांना चिथावणी देणारे ते पत्र बनावट होते, असे आता इतिहासकार मानतात. मजूर पक्षाचे सरकार त्या निवडणुकीत पडले. ते ह्या पत्रानेच पडले काय, ह्याविषयी मात्र मतभेद आहेत. कारण मजूर पक्षाच्या एकूण मतांत त्या वेळी उलट वाढच झाली होती. खोट्या गोष्टीने निकाल फिरलाच असला पाहिजे, असे पराभूत पक्षास नेहमीच वाटते. ती समजूतही पुष्कळदा एक नवी कंडीच असते! त्याच देशात २०१० साली ओल्डहॅम ईस्ट व सॅडलवर्थ मतदारसंघात फिल वूलस हे माजी मंत्री १०३ मतांनी निवडून आले. प्रतिस्पर्धी अतिरेक्यांची मते मिळविण्यासाठी त्यांना गोंजारतो, अशा अर्थाची पत्रके त्यांनी काढली होती. न्यायालयाने ती विधाने खोटी ठरवून निवडणूक रद्द केली व फेरनिवडणूक झाली.

आता पुन्हा नोव्हेंबर २०२४ कडे वळू. महाराष्ट्रात मतदान २० तारखेस होते. १९ तारखेस, म्हणजे ऐन कत्तलीच्या रात्रीपूर्वी, सुप्रिया सुळे व नाना पटोले ह्यांच्या नावे काही ध्वनिफिती प्रसृत झाल्या. आभासी चलनाचा पैसा निवडणुकीत वापरल्याचे संभाषण त्यांत असल्याचा दावा होता. सुळे ह्यांनी आवाज आपला नसल्याचे सांगून निवडणूक आयोगाकडे व सायबर पोलिसांकडे तक्रार केली. तथ्यपडताळणी करणाऱ्यांनी फिती तपासून त्यांतल्या बहुतेक यंत्राने बनविलेल्या असाव्यात, असा अभिप्राय दिला. त्याच दिवशी विरार येथील एका हॉटेलात विनोद तावडे ह्यांनी पैसे वाटल्याचा आरोप प्रतिपक्षाने केला आणि तावडे ह्यांनी तो साफ नाकारला. एक आरोप एका आघाडीवर, दुसरा दुसऱ्या आघाडीवर. दोन्ही एकाच दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मतदान सुरू झाले. मतदाराने त्या एका रात्रीत काय तपासावे, कोणास विचारावे? ज्याचा पूर्वग्रह जिकडे, त्याने तिकडचा आरोप खरा मानला आणि दुसरा खोटा मानला, एवढेच बहुतेक ठिकाणी घडले असेल.

येथे पूर्वीच्या व आताच्या अफवेतील मोठा भेद दिसून येतो. पूर्वी कानाला लागून कोणी सांगितले, तर ऐकणारा निदान सांगणाऱ्याचे तोंड पाहत असे. हा कोणाचा माणूस आहे, ह्याला काय मिळते, हे त्यास ठाऊक असे. आता आवाज खुद्द आरोपीचाच ऐकू येतो. आणि तो आणून पोहोचविणारा कोणी हस्तक नसतो. मामेभाऊ असतो, सोसायटीचे चिटणीस असतात, शाळेतला जुना सोबती असतो. भ्रमणध्वनीवरून निरोप पुढे ढकलण्यास काही कष्ट नाहीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यापीठाच्या तिघा संशोधकांनी २०१८ साली ट्विटरवरील सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा प्रवास अभ्यासला. खोटी बातमी पुढे पाठविली जाण्याचा संभव खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के अधिक असल्याचे त्यांना आढळले. आणि ते काम मुख्यतः यंत्रांचे नसून माणसांचे होते. त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे आले, अशा अफवेपायी मंगळवेढ्याकडच्या भटक्या जमातीतील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्या गावी निवडणूक नव्हती. परंतु ज्या वाटेने ती अफवा आली, तीच वाट निवडणुकीच्या दिवसांत अहोरात्र वाहत असते. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एकाच वेळी पाचांहून अधिक ठिकाणी निरोप पुढे पाठविण्यास बंदी घातली. पाच ही संख्या लहान वाटते. पण पाचांचे पंचवीस व पंचविसांचे सव्वाशे होण्यास एक संध्याकाळ पुरते.

मोठ्या पुढाऱ्यांना निदान वकील मिळतात, वृत्तपत्रे मिळतात, आयोगाचे दार ठोठावता येते. ह्या विषयातील खरे दुःख खाली, ग्रामपंचायतीच्या पायरीवर आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. मोताळा, लोणार, संग्रामपूर अशा तालुक्यांतील खेडोपाडी ज्या स्त्रिया प्रथमच अर्ज भरतात, त्यांच्या कारभाराविषयी बोलण्यासारखे काही नसते, कारण त्यांनी कारभार केलेलाच नसतो. मग त्यांच्याविषयी काय बोलावे? जे पुरुष उमेदवाराविषयी कोणी सहसा बोलत नाही, तेच. ती तालुक्याला कोणाच्या गाडीतून गेली, कचेरीत किती वेळ बसली, कोणाशी हसून बोलली. पुरुषावर पैसे खाल्ल्याचा आळ येतो. तो तावातावाने उत्तर देतो, आणि गावात त्याची पत बहुधा होती तेथेच राहते. स्त्रीवर आळ आला तर तिने उत्तर देणे हाच तिचा दुसरा अपराध ठरतो. ‘काही असल्याशिवाय लोक बोलतात का?’ हे वाक्य बहुधा तिच्या घरातच प्रथम उच्चारले जाते. सासू उच्चारते, दीर उच्चारतो. अर्ज मागे घेण्यास कोणी धमकी द्यावी लागत नाही. माघारीच्या दिवशी नवराच तिला कचेरीत घेऊन येतो. जागा मग बिनविरोध होते, आणि गावाने एकोपा दाखविला म्हणून तिचे कौतुकही होते.

ह्या अफवेवर कोणी खटला भरीत नाही. कोणावर भरावा? पाणवठ्यावर बोलले गेले, पिठाच्या गिरणीवर बोलले गेले. हे बोलणे ज्यांनी सुरू केले, ते पुढे येत नाहीत; आणि ज्यांनी पुढे नेले, त्यांत तिच्या ओळखीच्या, तिच्याबरोबर बचतगटात बसणाऱ्या बायकाही असतात.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आयोगाने काही नवे उपाय योजले. एप्रिलमध्ये अफवा व वस्तुस्थिती शेजारी शेजारी मांडणारी एक नोंदवही त्याने सर्वांकरिता खुली केली. यंत्रांविषयीच्या व मतदारयाद्यांविषयीच्या पुष्कळ कंड्यांचे निरसन तीत मिळते. मे महिन्याच्या आरंभी सर्व पक्षांना असे फर्मावण्यात आले की, बनावट आवाज वा चित्र असलेला मजकूर आपल्याकडून प्रसृत झाल्याचे निदर्शनास येताच तीन तासांच्या आत तो काढून टाकावा. पूर्वीच्या दोन वर्षांच्या मानाने तीन तास ही प्रगती नव्हे, असे कोण म्हणेल? तथापि हा हुकूम पक्षांना आहे. पक्षाने रात्री दहा वाजता सोडलेली फीत एक वाजता काढून घेतली, तरी दरम्यान ती ज्यांनी उतरवून ठेवली ते पक्ष नव्हेत. ती खामगावच्या चाळीतून नांदुऱ्याच्या नातेवाइकांकडे आणि तेथून पुण्यास नोकरीला असलेल्या मुलाकडे जाऊन, त्याच्याकडून पुन्हा गावी आपल्या आईकडे, खास पुण्याची बातमी म्हणून, येऊन पोहोचलेली असते. सात वाजता मतदान सुरू होते.